डंप म्हणजे धरण नव्हे



जुलै 2021 मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावी खाणीच्या खड्ड्यात साठलेले पाणी कड फोडून खाली आले. चिखलाचा लोंढा माड-पोफळीच्या बागायतीत शिरला. पोफळ फळायला सहा-सात वर्षे लागतात, हे पंचनामा करणाऱ्याला कोणी सांगायचे?

खाणीची जनसुनावणी लागली की आपण विचारतो, "बांध पाझरेल का?" समोरून उत्तर येते, "नाही." प्रश्न चुकीचा आणि उत्तर खोटे. मातीचे प्रत्येक धरण पाझरते. विचारायचे ते हे : पाझर कोणत्या वाटेने जाणार, कुठे बाहेर पडणार आणि त्याची नोंद कोण ठेवणार?

नीट बांधलेल्या मातीच्या धरणात मधोमध चिकण मातीचा गाभा असतो. पाटबंधारेवाले त्याला हार्टिंग म्हणतात. दोन्ही अंगांना मुरमाचे केसिंग, आणि गाभ्याखाली पक्क्या थरापर्यंत खणून चिकण मातीने भरलेला चर. आपल्याकडे हा चर फार महत्त्वाचा, कारण जांभा भोकाभोकांचा. चर जांभ्यातच थांबला, तर वर कितीही चांगली माती दाबा, पाणी खालून जाणारच. गाभ्यातून हळूहळू झिरपणारे पाणी पकडायला त्याच्या मागे वाळूची उभी गाळणी आणि तळाला वाळू-खडीचा थर हवा. ही वाळू पाणी सोडेल इतकी जाड आणि मातीचा कण अडवेल इतकी बारीक लागते. तिचे माप गाभ्याच्या मातीवरून ठरते, ठेकेदाराच्या ट्रकमध्ये काय आले त्यावरून नाही. गाळणी नसली, तर पाणी बाहेर पडते तिथून एकेक कण निघू लागतो, भोक आत आत सरकत जाते, आणि एकदा नळी आरपार झाली की बांध काही तासांत जातो.

आता खाणीवर काय होते ते पाहा. खोदून काढलेला टाकाऊ माल डंपरने वरून ओततात आणि त्या ढिगालाच बांध म्हणतात. थर नाही, पाणी मारणे नाही, रोलर नाही. वरून ओतलेल्या मालातले मोठे धोंडे घरंगळत तळाशी जातात, बारीक माती वर राहते. म्हणजे पाण्याचा दाब जिथे सर्वांत जास्त, तिथेच ढीग सर्वांत पोकळ! आणि पाणी किती? तीन हजार मिलिमीटर पावसात एका हेक्टरच्या खड्ड्यात नुसते आभाळातले पाणी तीन कोटी लिटर.

खनिज धुतल्यावर उरणारा गाळ साठवणारे बांध तर याहून घातक. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो येथे 25 जानेवारी 2019 रोजी लोहखनिजाच्या गाळाचा असा बांध कोसळून 270 माणसे मेली. बांधाची उंची वाढवताना नवा थर साठलेल्या गाळावरच चढवला होता. आतले पाणी नीट निचरत नव्हते. त्या देशाने त्याच वर्षी ही पद्धत बंद केली. इतके लांब कशाला, चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले. ते खाणीचे नव्हते, पण मातीचे होते, आणि गळतीच्या तक्रारी गावाने आधीच केल्या होत्या.

कुणी म्हणेल, हे इंजिनिअरचे काम. असेल. पण पायथ्याशी भात आपले आहे. पावसाळ्यात दर आठवड्याला एकाच जागचा पाझर काचेच्या बाटलीत भरा, तारीख लिहा, रात्रभर ठेवा. तळाला बोटांना खरखरीत लागणारा गाळ बसला, तर बांधाची माती वाहते आहे. नुसता तांबूस, बुळबुळीत साका असेल, तर तो विरघळलेल्या लोहाला हवा लागून झालेला असतो. त्यावर लगेच बांध फुटल्याची बोंब नको. मात्र तेच पाणी खाचरात तुंबले तर भाताची पाने तांबारतात, तेव्हा तीही तक्रार लेखी द्याच.

पायथ्याच्या चरात त्रिकोणी खाचेची पाटी, म्हणजे व्ही-नॉच, बसवली की पाझर मोजता येतो. साठा तेवढाच असताना पाझर वाढला, गढूळ झाला किंवा एकाएकी घटला, तरी तपासणी झालीच पाहिजे.

जनसुनावणीची नोटीस किमान 30 दिवस आधी लागते. तेवढ्या दिवसांत पर्यावरण अहवालाची प्रत पाहून बांधाचा आडवा छेद मागा. त्यात गाभा, चर, गाळणी आणि सांडवा दाखवला आहे का ते बघा. नसेल, तर तेवढीच हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. जिल्हा बैठकीला येताना खाणीखालच्या प्रत्येक गावाने आपली बाटली आणि तारखांची वही बरोबर आणावी.