कानास खटकले म्हणजे अशुद्ध झाले काय?

कोणाच्या अंगावरचा सदरा फाटका दिसला तर त्यास चारचौघांत हसू नये, एवढा सभ्यपणा आपल्या शहरांतील सुशिक्षित मंडळींच्या अंगी आता बराच मुरला आहे. परंतु त्याच मनुष्याने 'पाणी' न म्हणता 'पानी' म्हटले, की हीच मंडळी एकमेकांकडे पाहून गालांत हसतात, आणि आपण काही गैर केले असे त्यांच्या मनासही येत नाही. उलट मराठी भाषेची शुद्धता राखिल्याचे पुण्य पदरी पडले, असाच भाव त्यांच्या मुद्रेवर दिसतो. हे पुण्य आहे की पाप आहे, याचा आज थोडा हिशेब करून पाहावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम या 'पानी' शब्दाचीच चौकशी करू. संस्कृतात मूळ शब्द 'पानीय' असा आहे. त्यात 'न' आहे, 'ण' नाही. प्राकृतात त्या 'न'चा 'ण' झाला आणि तेच रूप पुढे मराठीत रूढ झाले. 'लोणी' हा शब्द ज्या 'नवनीत' शब्दापासून आला, त्यातही 'ण' कोठे नाही. तेव्हा संस्कृताच्या जवळ असणे हीच ज्यांच्या मते शुद्धतेची कसोटी, त्यांनी 'पानी' म्हणणाऱ्यास हसण्याऐवजी नमस्कारच करावयास हवा! 'पाणी' हे रूप चुकीचे आहे असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, 'न' आणि 'ण' यांमध्ये एक जन्मतः कुलीन व दुसरा हीन, असा भेद व्याकरणाने केलेला नाही. तो भेद बोलणाऱ्याच्या जातीकडे व गावाकडे पाहून आपण केलेला आहे.

दुसरे उदाहरण घ्या. खेड्यातून शहरातील शाळेत नव्याने आलेली मुलगी 'बाई, मी आली' असे म्हणते आणि वर्गात हशा पिकतो. प्रमाण मराठीत स्त्रीने 'मी आले' म्हणावयाचे, हे खरे. परंतु विदर्भातील, खानदेशातील व इतरही कित्येक भागांतील स्त्रियांच्या तोंडी 'मी आली' हेच रूप आहे. आता 'ती आली', 'तू आलीस' ही रूपे सर्वांस मान्य. मग त्यांच्याच ओळीत बसणारे 'मी आली' हे रूप नियमाविरुद्ध कसे ठरते? 'मी आले' म्हणणारी एक नियम पाळते, 'मी आली' म्हणणारी दुसरा पाळते. नियम मोडिला असा कोणीच नाही. तरीही एकीच्या वाट्यास शाबासकी येते आणि दुसरीच्या वाट्यास हशा. या हशाची किंमत कोण मोजतो? दुसऱ्या दिवशी उत्तर येत असूनही ती मुलगी हात वर करीत नाही. गुरुजी समजतात की ती मंद आहे. घरचे समजतात की शिक्षण तिच्या नशिबी नाही. वास्तविक तिच्या बुद्धीत काहीच उणे नसून, तिच्या आईची भाषा ही हसण्याची वस्तू आहे एवढेच काय ते शाळेने तिला पहिल्या दिवशी शिकविले आहे.

आश्चर्य हे की, ज्या बोलीस आपण वर्गात हसतो तिलाच पुस्तकात आपण डोक्यावर घेतो. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांस लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ साली छापून आली आणि साऱ्या महाराष्ट्राने ती मस्तकी धरिली. ती गाणी खानदेशच्या बोलीतच आहेत. कवितेस टाळ्या आणि त्याच बोलीत उत्तर देणाऱ्या मुलीस हशा, हा कोठला न्याय?

हा अन्याय आजचा नव्हे. जोतीराव फुले यांच्या लेखनातील व्याकरणाच्या व शब्दांच्या चुकांवरून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांची यथेच्छ थट्टा केली. शास्त्रीबोवांची मराठी डौलदार होती, याविषयी दुमत नाही. परंतु शूद्रातिशूद्रांस विद्या का मिळाली नाही, हा जोतीरावांचा प्रश्न होता. आणि वाक्यात लिंगवचन चुकले आहे, हे काही त्या प्रश्नाचे उत्तर होत नव्हते. काळाने आपला निकाल दिला आहे. ज्या पुण्यात ती थट्टा झाली, त्याच पुण्याच्या विद्यापीठास २०१४ साली सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले.

येथे कोणी विचारील, 'मग मराठीस व्याकरण नकोच काय? ज्याला जसे सुचेल तसे त्याने लिहावे काय?' मुळीच नाही. रत्नागिरीच्या मनुष्याने लिहिलेले गोंदियाच्या मनुष्यास बिनचूक कळावे, यासाठी लेखनाची एक सामाईक भाषा अवश्य पाहिजे. आमच्या व्यापारी वाचकांस ही गोष्ट सांगावयास नको. पूर्वी गावोगावचा शेर व मण निरनिराळा असे. १९५६ साली कायदा होऊन देशभर किलो व मीटर लागू करण्याचे ठरले आणि व्यवहार सोपा झाला. परंतु किलो आला म्हणून शेराने मोजणारे आपले आजोबा अडाणी होते, असे कोणी म्हटले नाही. प्रमाण भाषा हे असेच सोयीचे माप आहे. ते कुलीनतेचे प्रमाणपत्र नव्हे. शिवाय हे माप बदलतेही. व्युत्पत्ती दाखविण्यासाठी शब्दांच्या डोक्यावर दिले जाणारे जे अनुस्वार एके काळी विद्वत्तेची खूण समजले जात, ते मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या नियमांनी काढून टाकिले. आदल्या पिढीचे शुद्ध ते पुढल्या पिढीचे अशुद्ध झाले, आणि आकाश काही कोसळले नाही.

मग खरी चूक कोणती? ज्या चुकीने अर्थाची हानी होते, ती. 'तो मला म्हणाला' आणि 'तो मला बोलला' यांत भेद आहे. पहिल्यात त्याने काही सांगितले, दुसऱ्यात तो आपल्यावर रागावला. सरसकट 'बोलला'च लिहू लागलो, तर हा बारीक भेद आपल्या हातून जाईल. 'मला मदत करा' याऐवजी जाहिरातींतून 'माझी मदत करा' असे हल्ली ऐकू येते. ही कोणाच्या आजीची बोली नव्हे. हिंदी वाक्य घाईने मराठीत उतरविल्याची ही खूण आहे. मराठीत 'माझी मदत' म्हणजे मी केलेली मदत. मागणाऱ्याने देणाऱ्याचा शब्द वापरिला, म्हणजे घोटाळा झालाच. 'शिक्षक दिन' लिहिताना दीर्घ 'दी' काढिला, तर त्या उत्सवाच्या फलकावर गुरुजींच्या दारिद्र्याचीच घोषणा होते. अशा चुका दाखविणे हे आमचे, शिक्षकांचे व मुद्रकांचे कर्तव्यच आहे.

आणि अर्थाची सर्वांत मोठी हानी जेथे होते, तेथे मात्र कोणी हसत नाही. सरकारी पत्रात 'सदर लाभ अनुज्ञेय नसल्याने विहित मुदतीत सक्षम प्राधिकाऱ्याकडे अपील दाखल करावे' असे वाक्य येते. त्यात ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नाही. आणि निवृत्तिवेतनासाठी खेटे घालणाऱ्या विधवा बाईस त्यातले एकही अक्षर कळत नाही. 'हे पैसे तुम्हांस मिळणार नाहीत. तक्रार असल्यास अमुक तारखेच्या आत अमुक साहेबांकडे अर्ज करा', एवढेच लिहिले असते तर तिची मुदत टळली नसती. 'पानी' म्हणणाऱ्याने कोणाचे काय बुडविले? या शुद्ध वाक्याने मात्र एका घराचा घास अडविला. ज्यांस भाषाशुद्धीचा कळवळा आहे, त्यांनी आपला झाडू आधी तेथे चालवावा.

एवंच आमच्या सूचना तीन आहेत. शिक्षकांनी प्रमाण रूप अवश्य शिकवावे. परंतु 'तुझे चुकले' असे न म्हणता 'घरी तू असे म्हणतेस, पुस्तकात असे लिहितात' असे म्हणावे, आणि हसणाऱ्या मुलांस गप्प करावे. व्यापाऱ्यांनी, २०२२ सालच्या कायद्याने लहानमोठ्या सर्व दुकानांवर मराठी पाटी आवश्यक झालीच आहे तर ती रंगविण्यापूर्वी जाणत्यास दाखवून घ्यावी. 'आशीर्वाद' या शब्दातील रफार जागच्या जागी ठेवण्यास दमडीही अधिक पडत नाही. मात्र गिऱ्हाइकाच्या किंवा नोकरीस आलेल्या मुलाच्या उच्चारावरून त्याची लायकी ठरवू नये. आणि सरकारी अधिकाऱ्यांनी प्रत्येक पत्र रवाना होण्यापूर्वी ते आपल्या कचेरीतील शिपायास वाचून दाखवावे. त्यास कळले नाही, तर ते अशुद्ध समजून पुन्हा लिहावे.

भारत सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, याचा आम्हांसही अभिमान आहे. परंतु भाषेची खरी प्रतिष्ठा ती बोलणारी माणसे तोंड उघडावयास भीत नाहीत यात असते. ज्या दिवशी ती मुलगी 'मी आली' म्हणून वर्गात येईल आणि सारा वर्ग तिचे उत्तर काय आहे इकडे कान देईल, त्या दिवशी मराठी शुद्ध झाली असे आम्ही खुशाल म्हणू.