बातमी कंपनीची, वही मेहताजींची

मागच्या महिन्यात एका सॉफ्टवेअर कंपनीचे प्रसिद्धिपत्रक हाती आले. छोट्या व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचे ॲप तयार करणारी कंपनी. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ते खोडून दुसरे घातले असते तरी पत्रक तसेच्या तसे चालले असते. कंपनीला नवे भांडवल मिळाले, इतक्या लाख लोकांनी ॲप उतरवून घेतले, एका समारंभात पारितोषिक मिळाले आणि संस्थापकांना देशातला छोटा व्यापारी ‘सक्षम’ करायचा आहे, एवढा मजकूर. सोबत संस्थापकांचे हाताची घडी घातलेले छायाचित्र. वाणिज्य पानासाठी अशी पत्रके मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. आणि खोटे कशाला बोला, त्यांतली बरीचशी चार शब्द इकडचे तिकडे करून छापलीही आहेत.

या वेळी मात्र त्याच दिवशी भिवंडीला जायचे होते. पत्रकाची छापील प्रत पिशवीत तशीच राहिली आणि दुपारी एका यंत्रमाग कारखान्याच्या पोटमाळ्यावरच्या ऑफिसात, चहा येईपर्यंत काहीतरी बोलायचे म्हणून, ती मी मेहताजींपुढे ठेवली. भिवंडीत कारखान्याचा हिशेब लिहिणाऱ्याला मेहताजी म्हणतात. हे गृहस्थ साठीच्या पुढचे. खाली मागांचा खडखडाट इतका की कामगार एकमेकांशी खुणांनीच बोलतात. वर तो आवाज जमिनीतून पायांना जाणवत राहतो. मेहताजींनी चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला. मग उलटा करून मागे काही आहे का तेही पाहिले. म्हणाले, ‘‘साहेब, पैसे त्यांना मिळाले, हे कळलं. उद्या त्यांचं दुकान बंद झालं तर माझी वही मला परत कोण देणार, ते कुठे लिहिलंय?’’

ते कुठेच लिहिलेले नव्हते. इतक्या वर्षांत मी वाचलेल्या एकाही पत्रकात ते नव्हते, हे तेव्हा लक्षात आले.

यंत्रमागवाल्याच्या वहीत असते तरी काय, हे घरबसल्या वाचकाला सहज कळणार नाही. भिवंडीतल्या बऱ्याच मागवाल्यांचे सूत स्वतःचे नसते. व्यापारी सूत देतो, मागवाला ते विणून कोरे कापड परत करतो आणि मजुरी घेतो. ही मजुरी ठरते ‘पिक’वर, म्हणजे कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती पडले त्यावर. म्हणजे गाळ्यात लाखो रुपयांचा माल पडलेला, पण तो आपला नाही. आपली फक्त मजुरी, आणि तीही पुढे दोन-तीन महिन्यांनी हाती येणार. सूत किती आले, बीम किती भरले, ताके किती निघाले, घट किती गेली, कोणाचे किती सूत अजून आपल्याकडे पडून आहे, हे सारे रोजच्या रोज लिहावे लागते. वस्तू आणि सेवा कराच्या कायद्यानुसार कामासाठी दिलेला असा कच्चा माल व्यापाऱ्याने वर्षाच्या आत परत आणावा लागतो आणि त्याचा तपशील सरकारला द्यावा लागतो. तेव्हा मागवाल्याची वही चुकली तर व्यापाऱ्याचा कागद चुकतो, आणि व्यापाऱ्याचा कागद चुकला की पुढचे सूत दुसऱ्या गाळ्यात जाते. मेहताजींची वही हा नुसता जमाखर्च नव्हे, कारखान्याची पतच आहे.

या वहीत संगणक शिरला त्याचीही एक कथा आहे, आणि गंमत अशी की तीही कापडाच्याच धंद्यातून निघते. श्यामसुंदर गोएंका हे कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे भाग पुरवणारे व्यापारी. आपला हिशेब नीट ठेवील अशी आज्ञावली त्यांना बाजारात मिळेना. मुलगा भरत गणिताचा पदवीधर. त्याला त्यांनी सांगितले, तूच कर. त्यातून १९८६ मध्ये बंगळूरला प्युट्रॉनिक्स ही कंपनी उभी राहिली. तिचे उत्पादन म्हणजे टॅली. १९९९ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले आणि २०२० मध्ये भरत गोएंकांना पद्मश्री मिळाली. बापाची गरज आणि मुलाची हुशारी ही गोष्ट कंपनीने पुढे पुष्कळ सांगितली. सांगावी अशीच ती आहे.

पण भिवंडीत टॅली पोचली ती या गोष्टीमुळे नव्हे. ती पोचली शिकवणीवर्गांतून. गल्लीबोळांत ‘टॅली शिका’चे फलक लागले, वाणिज्य शाखेच्या मुलामुलींनी तीन-तीन महिन्यांचे वर्ग केले आणि पेढीवर नोकरीला गेले की पहिला प्रश्न ठरलेला, ‘टॅली येते का?’ कर सल्लागार तीच वापरी, म्हणून अशील तीच घेई. चोरून केलेल्या प्रतीही फिरल्या. ते योग्य नव्हतेच, पण प्रसार त्यातूनही झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. इथे जाहिरात करणारा माणूस ओळखीचा होता. अडले तर त्याच्या घरी जाऊन कडी वाजवता येत होती. मेहताजी स्वतः पन्नाशीच्या आसपास टॅली शिकले ते पुतणीकडून, आणि आजही एखादी नोंद अडली की तिलाच फोन लावतात.

मग १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर आला. कापडाचा व्यापार तोवर बऱ्याच अंशी विक्रीकराच्या कक्षेबाहेर होता. सुरतेच्या कापड बाजाराने त्या महिन्यात बंद पाळला, तो काही उगाच नव्हे. ज्याने आयुष्यात विवरणपत्र भरले नव्हते त्याला दर महिन्याला संगणकासमोर बसायची वेळ आली. पुढच्या वर्षी ई-वे बिल आले आणि माणकोली, काल्हेर, दापोडे या पट्ट्यातल्या गोदामांतून कागदाशिवाय ट्रक निघेनासा झाला. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला आता गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नव्हते. सरकारनेच ते दारात आणून उभे केले होते.

मोबाईलवरची ॲपे आली ती याच सुमारास. खाताबुक हे त्यांतले सर्वांत गाजलेले. फुकट, मराठीसह अनेक भाषांत, आणि उधारी लिहिली की देणेकऱ्याच्या मोबाईलवर आपोआप संदेश जाणारे. मार्च २०२० मध्ये महेंद्रसिंग धोनी त्याचा प्रचारक झाला आणि त्याने त्यात पैसेही गुंतवले. त्याच महिन्याच्या अखेरीस देशाला टाळे लागले. भिवंडीचे माग थांबले, आणि उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार डोक्यावर बोचकी घेऊन नाशिक महामार्गाने चालू लागले. ती छायाचित्रे कोणी विसरले नसेल. पुढे मे महिन्यात बातमी आली, खाताबुकला ६ कोटी डॉलरचे भांडवल मिळाले. ऑगस्ट २०२१ मध्ये आणखी १० कोटी डॉलर.

ज्या महिन्यात माग बंद, उधारी अडकलेली आणि हातात रोकड नाही, त्याच महिन्यात उधारी लिहिण्याच्या ॲपला शेकडो कोटी रुपये कसे मिळतात? यात लबाडी काही नाही. गुंतवणूकदार आजच्या वहीला पैसे देत नाही, उद्याच्या कर्जाला देतो. कोण किती उधार घेतो, किती दिवसांत फेडतो, कोणाची पत किती, ही माहिती हाती असली की पुढे त्यावर कर्ज देता येते. सावकार आणि दलाल पूर्वी हेच ज्ञान डोक्यात बाळगत. म्हणून पत्रकात आकडा असतो तो ॲप उतरवून घेणाऱ्यांचा. त्यांतल्या किती जणांची वसुली झाली याचा नसतो. पत्रक छापले जाते भिवंडीच्या वर्तमानपत्रातही, पण लिहिलेले असते पुढच्या गुंतवणूकदारासाठी. आपण फक्त मध्येच ते उघडून वाचलेले असते.

याहून स्पष्ट उदाहरण २०२३ चे. ‘दुकान’ ही बंगळूरची कंपनी. टाळेबंदीच्या काळात छोट्या दुकानदाराला इंटरनेटवर आपले दुकान मांडता यावे म्हणून निघालेली. कल्पना चांगलीच होती. जुलै २०२३ मध्ये तिचे संस्थापक सुमित शाह यांनी स्वतःच जाहीर केले की, ग्राहकांच्या अडचणी सोडवणारी ९० टक्के माणसे आपण कमी केली आणि त्यांच्या जागी उत्तरे देणारे यंत्र बसवले. पहिले उत्तर यायला पूर्वी पावणेदोन मिनिटे लागत, आता लगेच येते. अडचण सुटायला दोन तासांहून अधिक लागत, आता तीन मिनिटांच्या वर थोडेच. खर्च ८५ टक्के उतरला. जगभर टीका झाली ती गेलेल्या नोकऱ्यांवरून, आणि ती व्हायलाच हवी होती. मला मात्र वेगळीच गोष्ट खटकली होती. दुकानदाराशी बोलणारी माणसे काढून टाकली, ही गोष्ट कंपनी दुकानदारांच्या देखत अभिमानाने सांगत होती.

मी हे मेहताजींना सांगितले. ते हसले. म्हणाले, ‘‘वीस तारखेला या एकदा.’’ वीस तारीख म्हणजे महिन्याचे विवरणपत्र भरण्याची मुदत. त्या दिवशी अडते ते पुस्तकातल्या प्रश्नासारखे अडत नाही. व्यापाऱ्याने बिल वेगळ्या क्रमांकाने चढवलेले असते, सुताची घट कोणाच्या खाती टाकायची यावर मालक आणि दलाल भांडत असतात, आणि हे सगळे समजून घेणारा कोणीतरी फोनच्या पलीकडे हवा असतो. यंत्र उद्या हेही शिकेल, कदाचित माणसापेक्षा बरे शिकेल. पण ते कितपत शिकले आहे, हे खर्च किती वाचला यावरून कळत नाही.

सगळीच प्रसिद्धी टाकाऊ असते असे मात्र मी म्हणणार नाही. आयकर कायद्यात एक कलम आले आणि २०२३-२४ या वर्षापासून लागू झाले. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे पंधरा दिवसांत, लेखी करार असला तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकते केले नाहीत, तर त्या वर्षी खरेदीदाराला तो खर्च म्हणून दाखवता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. नव्वद दिवसांच्या उधारीवर चालणाऱ्या कापड बाजारात केवढी खळबळ उडाली! मागवाल्याला वाटले, आता पैसे वेळेवर येतील. आणि लगेच भीतीही वाटली की व्यापारी आपल्याला सोडून नोंदणी नसलेल्याकडे जाईल. अशा वेळी कोणते बिल कितव्या दिवशी मुदतीबाहेर जाते, ते वहीत कसे दिसेल, जुन्या नोंदी कशा दुरुस्त करायच्या, हे साध्या भाषेत सांगणारे पानभर टिपण एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीने काढले तर ती बातमी आहे. मेहताजींच्या टेबलाच्या काचेखाली असेच एक टिपण होते. त्यावर कंपनीचा शिक्काही होता. तो त्यांना मुळीच खटकत नव्हता.

राहिला त्यांचा पहिला प्रश्न. तो त्यांना का पडला, हे निघताना कळले. त्यांच्या भाच्याचे कोऱ्या कापडाचे छोटे दुकान. त्याने तीन वर्षांचा हिशेब एका फुकट ॲपवर ठेवला होता. कंपनीने एके दिवशी सेवा बंद करत असल्याचे इंग्रजी पत्र ई-मेलवर धाडले, महिन्याची मुदत दिली. भाचा ई-मेल कधी उघडतो? दिवाळीनंतर मागच्या वर्षाच्या व्यवहाराबद्दल कर खात्याची नोटीस आली तेव्हा त्याने ॲप उघडले, तर पडद्यावर आभाराचा संदेश. वस्तू आणि सेवा कराचा कायदा सांगतो की वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवा. म्हणजे सहा वर्षे. भांडवल मिळाल्याच्या बातम्या देणाऱ्या कितीतरी कंपन्यांचे स्वतःचे वय तेवढे नसते. कायदा हिशेब मागतो तो भाच्याकडे. वहीचा कागद ज्याच्याकडे होता त्याच्याकडे नव्हे. भाच्याने मग व्यापाऱ्यांच्या हातापाया पडून बिलांच्या प्रती गोळा केल्या. काही मिळाल्या, काही नाही. जिथे नाही मिळाल्या तिथला कर त्याने दंडासकट भरला.

तेव्हापासून मेहताजी टॅलीतली खतावणीसुद्धा दर महिनाअखेरीस कागदावर छापून काढतात. पोटमाळ्याच्या कोपऱ्यात लाल कापडात बांधलेली बासने वर्षावार रचलेली दिसली. लक्ष्मीपूजनाला पूजाही त्यांचीच होते. संगणकावर नुसती हळदकुंकवाची दोन बोटे.

परत आल्यावर मी कंपनीला लिहिले. पत्रकातल्या आकड्यांबद्दल काही विचारले नाही. कंपनी बंद झाल्यास व्यापाऱ्याचा हिशेब त्याला कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि कोणाकडून परत मिळेल, एवढेच विचारले. चौथ्या दिवशी उत्तर आले. आपल्या आस्थेबद्दल आभार, प्रश्न संबंधित विभागाकडे पाठवला आहे. सोबत नवे पत्रक जोडले होते. कंपनीला आणखी एक पारितोषिक मिळाले होते.