नवी तबकडी, जुने नाव



१९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बेंगळुरूत एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला. त्याची ‘जनता’, ‘पायलट’ ही चावीची घड्याळे आमच्या जोयडा तालुक्यातही मनगटांवर दिसत. कारखाना बंद झाला. आता हौशी लोक जुन्या यंत्रावर नवी रंगवलेली तबकडी बसवतात. आम्हांला यात पाप दिसत नाही. बंद पडलेले घड्याळ चालू करणे चांगलेच. पण तेच ‘मूळचे’ म्हणून विकणे हे खोटे माप होय. नीतिसूत्रांचा ११ वा अध्याय खोट्या तराजूपासूनच सुरू होतो. तबकडीवरची अक्षरे फासटलेली दिसली, तर विचारावे. बनवणाऱ्याने काय बदलले ते लिहून द्यावे. प्रभू आपल्यालाही दुरुस्त करतो, पण आधी झाकण उघडू द्यावे लागते.