जिवाणू खत : उपेक्षेची किंमत

पनवेल तालुक्यातील कामोठे हे आज नवी मुंबईतील एक गजबजलेले उपनगर आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ज्या ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली, त्यांत कामोठेही होते. रायगडच्या या पट्ट्यात भातकापणीनंतर जमिनीतील ओलाव्यावर वाल घेण्याची जुनी पद्धत. जेथे खाचरे बुजली तेथे वालही संपला. कडधान्ये खाणारी तोंडे वाढली, पिकविणारी जमीन आखडली. जी उरली आहे तिच्यातून अधिक पीक कसे निघेल, हा प्रश्न म्हणूनच केवळ शेतकऱ्याचा राहिलेला नाही.

या प्रश्नाचे एक स्वस्त उत्तर शंभराहून अधिक वर्षे उपलब्ध आहे. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम गटातील जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात आणि मोबदल्यात त्याच्याकडून शर्करा घेतात. १८८८ मध्ये बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे काढले आणि १८९६ मध्ये जर्मनीत त्यांचे संवर्धक विक्रीस आले. कृतीही अवघड नाही. दहा किलो बियाण्यास पाव किलो संवर्धक गुळाच्या थंड द्रावणातून चोळावे, बियाणे सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे.

मग त्याचा प्रसार का खुंटला? पहिले कारण असे, की हे खत सजीव आहे, पण त्याची हाताळणी निर्जीव मालासारखी होते. २००६ मध्ये जैविक खते खत नियंत्रण आदेशाखाली आली आणि रायझोबियमच्या भुकटीत दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावेत असे मानक ठरले. परंतु कारखान्यात मानकास उतरलेले पाकीट पत्र्याच्या दुकानात वैशाखभर तापले, तर शेतकऱ्याच्या हाती मेलेली भुकटीच पडते. एकदा फसलेला शेतकरी पुन्हा त्या वाटेस जात नाही, आणि दोष मात्र शास्त्रावर येतो. दुसरे कारण अनुदानाचे. याच जिल्ह्यात थळ येथे युरियाचा प्रचंड कारखाना आहे. सरकारी अनुदानाने स्वस्त झालेला युरिया हाताशी असताना पाकिटाची यातायात कोण करील? वास्तविक नत्राची मात्रा जास्त झाली की मुळांवर गाठी धरणेच मंदावते.

वालाला चालणारे जिवाणू आपल्या जमिनीत मुळातच असतात, मग बाहेरून कशाला घालावेत, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. सर्वत्र सारखा लाभ होईल असे कोणी म्हणूही नये. परंतु भाताच्या खाचरात महिनोन्महिने पाणी साचते व त्यात या जिवाणूंची संख्या घटते. सोयाबीनसारख्या बाहेरून आलेल्या पिकास तर त्याचेच जिवाणू लागतात. एकाचे पाकीट दुसऱ्यास चालतेच असे नाही.

उपाय अवाढव्य नाहीत. पेरणीच्या तोंडावर ताजे संवर्धक पोहोचावे, पाकिटावरील पीक व मुदत ठळक असावी, नमुने कारखान्यातून नव्हे तर दुकानातून तपासले जावेत. दापोलीचे कृषी विद्यापीठ व त्याचे कर्जत येथील केंद्र यांनी गावोगाव जिवाणू लावलेला आणि न लावलेला असे वालाचे वाफे शेजारी शेजारी दाखवावेत. फुलोऱ्याच्या सुमारास रोप उपटून गाठ कापली आणि ती आतून गुलाबी निघाली, तर जिवाणू काम करीत आहेत हे शेतकऱ्यास स्वतःच दिसेल.

२०२५ मध्ये केंद्राने डाळींच्या आत्मनिर्भरतेसाठी सहा वर्षांची मोहीम जाहीर केली. घोषणा स्वागतार्ह आहे. तथापि युरियाच्या गोणीसाठी तिजोरी मोकळी ठेवणारे शासन एका पाकिटाच्या सावलीची व्यवस्था करू शकत नसेल, तर परदेशी डाळीवरील परावलंबन घोषणांनी सुटणारे नाही.