जुन्या बंदुका वितळवू नका


जुन्या लष्करी बंदुका जमवणे म्हणजे हिंसेचे कौतुक, त्या वितळवून टाकाव्यात, हे एका पत्रलेखकाचे मत मला मान्य नाही. 1959 चा शस्त्र कायदाच येथे फरक करतो: दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशी कालबाह्य किंवा पुरातन बंदूक त्याच्या कलम 45 नुसार कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. चालू स्थितीतल्या बंदुकीला परवाना लागतोच. त्यातही 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि वारसाहक्काने आलेल्या बंदुकाही तीत मोजल्या. माझ्या मते संग्राहकांवर हा अन्यायच आहे.

जुन्या बंदुका जपण्याचे काम संग्रहालयांवर सोपवावे, असा आक्षेप येईल. पण पुण्याचे केळकर संग्रहालय दिनकर केळकरांच्या खासगी छंदातूनच उभे राहिले; 1975 मध्ये त्यांनी ते शासनाला दिले. संग्रहालये बहुधा नक्षीदार, सरदारी शस्त्रे निवडतात. साध्या शिपायाची तोड्याची बंदूक भंगारात जाते. आमचा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळातील बंदुकांच्या नळीवरचे शिक्के आणि क्रमांक हाही इतिहासाचा पुरावाच आहे. तो वितळवण्याआधी जिल्हा प्रशासनाने पुरातत्त्व खात्याकडून तपासून घ्यावा.

– एक वाचक, येरमाळा (जि. धाराशिव)