फुरसतीचे उद्योग : डबा, रूळ आणि खडी

आगगाडीची छोटी प्रतिकृति घरीं करावी असें ज्यांच्या मनांत आहे, त्यांनीं पुठ्ठ्यास कात्री लावण्यापूर्वीं एका प्रश्नाचा निकाल करून घ्यावा, असें आम्ही सुचवितों. बाजारांत सामान्यतः मिळणारे छोटे रूळ १६.५ मिलीमीटर अंतराचे असतात. १:८७ या प्रमाणानें ते युरोप-अमेरिकेंतील १४३५ मिलीमीटरच्या मार्गाशीं बरोबर जुळतात. आपला रुंद मार्ग १६७६ मिलीमीटरचा. त्याच प्रमाणानें तो १९.२६ मिलीमीटर भरावयास हवा. म्हणजे आपला डबा या रुळांवर ठेवला कीं सुमारें पावणेतीन मिलीमीटरचें असत्य त्याच्या चाकांखालीं राहतें.

तें झांकण्यासाठीं कोणी डबाच अरुंद करतात. आम्हांस हें मान्य नाहीं. रूळ तयार मिळतात, डबा मात्र आपल्या हातचा असतो. जें आपल्या हातीं आहे तें तरी मापांत असावें. ज्यांना चिकाटी आहे त्यांनीं रूळही स्वतः बसवावे. इतरांनीं तडजोड पत्करावी, पण ती मुलांना आंकड्यांसह समजावून सांगावी. त्रैराशिक वहीपेक्षां येथें लवकर उमगतें.

चेन्नईतील पेरांबूरच्या कारखान्यांत १९५५ सालापासून बांधल्या गेलेल्या जुन्या घाटणीच्या डब्याची लांबी सुमारें २१.३४ मीटर व रुंदी ३.२५ मीटर; प्रतिकृतींत ती २४५ व ३७ मिलीमीटर होते. बाजू सपाट असतांनाच खिडक्या कापाव्या व रंगही तेव्हांच द्यावा. डबा जोडल्यावर कोंपऱ्यांत हात पोंचत नाहीं. फार हलका डबा वळणावर रूळ सोडतो, म्हणून तळाशीं लोखंडी चकत्या चिकटवाव्या. तेंच वजन छताशीं दिल्यास डबा कलंडतो.

खडी ही केवळ शोभा नव्हे. खऱ्या मार्गावर ती गाडीचा भार स्लीपरांखालून जमिनीवर पसरते, पावसाचें पाणी वाहूं देते व रुळांना जागचें हलूं देत नाहीं. ५० मिलीमीटरचा दगड आपल्या प्रमाणांत अर्ध्या मिलीमीटरहून किंचित् मोठा होतो. तेव्हां रव्याच्या कणाएवढी चाळलेली वाळू पुरे. समुद्राची वाळू नको, तिच्यांतील मीठ ओल धरतें. वाळूवरून लोहचुंबक अवश्य फिरवावें, नाहीं तर लोखंडाचे कण इंजिनाच्या मोटारींत ओढले जातात.

कोरडी वाळू मऊ कुंचल्यानें स्लीपरांमध्यें बसवावी. त्यांच्या माथ्यावर कण राहूं देऊं नये. मग साबणाचा एक थेंब घातलेलें पाणी हलकेंच फवारावें. साबणाविना पाणी गोळा होऊन वाळूचे कण उचलून घेतें. नंतर पांढरा डिंक समभाग पाण्यांत कालवून ड्रॉपरनें सोडावा. सांध्याच्या हलत्या पट्ट्यांपासून डिंक दूर ठेवावा. रात्रभर कोणीं हात लावूं नये. सकाळीं रुळांचे माथे स्वच्छ पुसावे.

ही रात्र लहानांना फार मोठी वाटते. घरांत दहा हात असले म्हणजे काम झपाट्यानें उरकतें, पण डिंक वाळण्यास लागतो तेवढाच वेळ लागतो. घाईनें गाडी सोडली तर खडी उखडते व सर्वांचेंच श्रम वाया जातात. हें वडीलधाऱ्यांनींही ध्यानांत ठेवावें, कारण गाडी धांवलेली पाहण्याची उत्सुकता त्यांनाही कमी नसते. आणि रव्याची चाळण स्वयंपाकघरांतून न विचारतां नेऊं नये. ती पुन्हां रव्याच्या कामाची राहत नाहीं. जुनी असेल तीच मागून घ्यावी.