नवीन किडा की जुन्याचंच नवीन नाव?



मागच्या आठवड्यात बोडीतलं पाणी उतरलं म्हणून मागूर काढले. घरी एक चिरला तर आतड्यात पांढरे, चपटे, शेवयांच्या तुकड्यांसारखे सात-आठ जंत. फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत "माशात नवीन जातीचा किडा सापडला" असा मेसेज तालुकाभर फिरला. पुढच्या बाजारात ढिवर भावांचा मागूर टोपल्यात तसाच राहिला. फोटो माझा, नुकसान त्यांचं. म्हणून हे लिहितोय.

आधी भीती काढून टाका. हे जंत माशाच्या आतड्यात राहतात आणि आतडं आपण फेकतोच. मासा साफ करून पुरता शिजवला की बिनधास्त खा.

आता त्या "नवीन जाती"बद्दल. मागुरातल्या अशाच एका जंताचं वर्णन मोघे यांनी नागपूरच्या मागुरातून १९२५ सालीच केलेलं आहे. म्हणजे शंभर वर्षं झाली. गंमत अशी की तेव्हा त्याला पर्णकृमींच्या गटात टाकलं होतं. पट्टकृमीच्या अंगाला खंड असतात असं आपण शाळेत शिकलो, याला तर एकही खंड नाही, त्यामुळे घोळ होणारच. आज तो बिनखंडाचा पट्टकृमी म्हणून ओळखला जातो, नाव लायटोसेस्टस इंडिकस. माझ्या मागुरात तोच होता असं मी छातीठोक म्हणणार नाही. ते फोटोवरून कळत नाही, सूक्ष्मदर्शकच लागतो.

त्यानंतर आपल्याकडे काय झालं? एकट्या मागुरातून अशा बिनखंडी जंतांच्या पन्नासहून जास्त "नवीन जाती" छापल्या गेल्या. २०११ साली भारतीय आणि चेक संशोधकांनी मिळून सगळ्यांची छाननी केली. खऱ्या ठरल्या फक्त आठ! बाकीची नावं जुन्याच जंतांची. कुठे जंत मेल्यावर सडायला लागलेला, कुठे काचेखाली दाबून चपटा झालेला. लांबी-रुंदी बदलली की नवीन जात. आपण एकाच शेतातल्या धानाची सुकलेली लोंबी आणि ओली लोंबी दोन वाणं म्हणून विकली तर लोक जोडे मारतील.

मला काय करायचं त्या नावाशी, असं एक काका म्हणाले. काका, नावावरच सगळं आहे. नाव कळलं तर जंत कुठून आला ते कळतं. मागुरातले हे जंत गाळातल्या बारीक तांबड्या जंतांमधून येतात. माशाच्या विष्ठेतून अंडी गाळात पडतात, गाळातला जंत ती खातो, मासा त्या जंताला खातो. पर्णकृमी असेल तर वाट गोगलगायीतून जाते, काहींची पुढे बगळ्यातूनही. कल्ल्यांवरचे चपटे कृमी तर थेट माशावरून माशावर चढतात. तीन वाटा, तीन उपाय. दोन वर्षांपूर्वी मी एका दुकानातून "जंताचं औषध" आणून बोडीत ओतलं. पैसे गेले, जंत पुन्हा आले, कारण गाळ तसाच होता. बोडी आटवून, गाळ काढून, उन्हात तापवून चुना मारला असता तर काही उपयोग झाला असता.

मक्यावरची लष्करी अळी आठवा. २०१८ मध्ये ती देशात नवीनच आली होती, तेव्हा "नवीन" म्हणणं बरोबर होतं. पण डोक्यावरचा उलटा वाय आणि शेपटीकडचे चार ठिपके बघूनच आपण ती ओळखायला शिकलो. तेवढी शिस्त माशातल्या जंतालाही हवी.

माझं म्हणणं असं. नवीन जात कुणी शोधू नये असं नाही. आपल्या नद्या, तलाव, बोड्यांमध्ये खरंच नवीन काही असेलही. पण जो "नवीन" म्हणेल त्याला दोन प्रश्न विचारा. नमुना कुठल्या संग्रहालयात ठेवला? आणि डीएनए तपासला का? पहिल्याचं उत्तर लेखात लिहिणं २००० सालापासून जागतिक नियमातच आहे. नमुना नसेल तर उद्या खरंखोटं करणार कसं?

जबाबदारी आपलीही आहे. अभ्यासाला कुणी आलं तर मासा जिवंत द्या. मेलेल्या माशात जंत लवकर बिघडतो, आणि बिघडलेल्या जंतावरूनच चुकीची नावं जन्मतात. ताजा जंत गरम फॉर्मलिनमध्ये टाकला तर आकार नीट राहतो, डीएनएसाठी वेगळा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवतात. कुठला तलाव, कुठली तारीख, कुठला मासा, हे वहीत लिहून त्यांना द्या. आणि बदल्यात एकच मागा: काय निघालं ते परत येऊन सांगा. आमच्याकडून दोनदा मासे नेले, निरोप एकदाही आला नाही.

आणि फोटो ग्रुपवर टाकण्याआधी जरा थांबा. ढिवर भावांची मी माफी मागितली आहे. येत्या बाजारी पहिला मागूर मीच घेणार.